चार दिवस कुणाचे?

हिवाळ्यात नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीकडे जाताना राहात्याच्या अलीकडे-पलीकडे गाड्यांचा वेग आपोआप कमी होतो. रस्त्याच्या कडेला पेरूच्या पाट्या मांडलेल्या असतात. पाटी रचण्याचीही एक रीत असते. हिरवट, कडक फळं तळाला, पिवळसर होत आलेली वर आणि मऊ पडलेली बाजूच्या वेगळ्या टोपलीत. गिऱ्हाईक नसतं तेव्हा विकणारी बाई एकेक फळ उचलून देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून बघते. अंगठा रुतला की फळ पाटीतून निघून टोपलीत जातं. सकाळी ती टोपली जवळपास रिकामी असते. दुपार कलली की भरत जाते आणि तिच्यातल्या फळाचा भाव निम्म्यावर येतो. अंधार पडल्यावर जे उरतं ते शेळ्यांपुढे.

त्या एका अंगठ्याच्या दाबात आपल्या शेतीचं एक मोठं दुखणं दिसतं. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियानातल्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने 2015 मध्ये देशभरातल्या शेतमालाच्या नासाडीचा अहवाल दिला. फळं आणि भाज्या यांत सर्वाधिक नासाडी पेरूची निघाली: 15.88 टक्के. पुढे 2022 मध्ये नाबार्डच्या सल्लागार कंपनीने पुन्हा पाहणी केली, तेव्हाही पेरूच वरच्या क्रमांकावर होता, 15.05 टक्क्यांवर. मधल्या सात वर्षांत एका टक्क्याचाही फरक पडला नाही. सहा-सात पेरूंमागे एक पेरू कुणाच्याही तोंडी न लागता मातीत जातो. ज्या राहाता तालुक्याची ओळखच पेरूने झाली आहे, त्या तालुक्याने हा आकडा स्वतःचा मानला पाहिजे.

या नासाडीवर एक उपाय प्रयोगशाळांतून आता बाहेर पडू पाहतो आहे. फळाच्या सालीवर खाण्याजोग्या पदार्थाचा अतिशय पातळ थर द्यायचा. तो थर फळातलं पाणी धरून ठेवतो, त्याचा श्वास मंद करतो आणि बुरशी-जिवाणूंना सालीवर पाय रोवू देत नाही. याला खाद्यलेप म्हणू. माझं म्हणणं असं की, या लेपाचं खरं मोल वाचलेल्या फळांच्या वजनात मोजून पुरणार नाही. तो फळाला चार दिवस देतो, आणि ते चार दिवस कुणाच्या पदरात पडतात यावर त्याचं चांगलं-वाईट ठरणार आहे.

नाशिवंत माल म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. नाशिवंत माल म्हणजे ज्याला थांबता येत नाही असा माल. ज्वारीवाला भाव पटला नाही तर पोती घरी परत नेऊ शकतो. पेरूवाला कॅरेट परत नेऊ शकत नाही, कारण उद्या त्याच कॅरेटमधली पाव फळं मऊ पडलेली असतील आणि आजचं गाडीभाडं अंगावर बसलेलं असेल. लिलावात समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं. त्याने काही लबाडी करण्याचीही गरज नसते. त्याने नुसतं तासभर थांबावं, भाव आपोआप उतरतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण नाशिवंत मालाच्या बाजारात रोज खरी होते. हमाली, तोलाई, भाडं वजा होऊन हातात हिशेबाची पट्टी पडते, तेव्हा शेतकऱ्याला कळतं की आपण फळ विकलं नाही, आपण आपली घाई विकली.

याच जिल्ह्यात, याच तालुक्यात, गोदाकाठच्या पुणतांब्याने 1 जून 2017 पासून शेतकऱ्यांच्या संपाची हाक दिली आणि ती राज्यभर पोचली. माल शहराकडे जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं होतं. त्या दिवसांत रस्त्यावर ओतलेलं दूध आणि फेकलेल्या भाज्या पाहून अनेकांना हळहळ वाटली, काहींना रागही आला. त्या दृश्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. कारखान्यातला कामगार संप करतो तेव्हा यंत्र बंद राहतं. संप मिटला की तेच यंत्र पुन्हा चालू होतं. शेतकऱ्याने संप केला की गाय दूध द्यायची थांबत नाही आणि टोमॅटो पिकायचा थांबत नाही. माल रोखून धरावा एवढी सवड त्या मालातच नव्हती. संपाच्या मागण्या अनेक होत्या आणि त्यांची कारणंही अनेक होती. पण ज्याच्या मालाला दोन दिवस थांबता येत नाही, त्याला वाटाघाटीत थांबणं किती महाग पडतं, हे त्या जूनमध्ये सगळ्यांनी पाहिलं.

नगर जिल्ह्याने हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे, हे मात्र आपण विसरतो. ऊस हासुद्धा नाशिवंतच. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर त्यातली साखर घटत जाते. तोड झाल्यावर शेतकऱ्याला भाव करत बसायला सवड नसते. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याची कथा आपण सहकाराची कथा म्हणून सांगतो, आणि ती आहेच. ती टिकाऊपणाचीही कथा आहे. दोन दिवसांत उतरणाऱ्या उसाची साखर केली की ती वर्षभर पोत्यात राहते. नाशिवंताचं टिकाऊ करणारं यंत्र ज्याच्या मालकीचं, त्याच्या हाती भावाची दोरी, हे प्रवराकाठच्या शेतकऱ्यांनी ओळखलं आणि ते यंत्रच आपल्या मालकीचं केलं. पुढे त्या कारखानदारीत काय साचलं, काय सडलं, हा वेगळा विषय आहे. मूळ सूत्र मात्र आजही खणखणीत आहे. पेरू, सीताफळ, श्रीगोंद्याचं कागदी लिंबू, संगमनेर-अकोल्याकडचा टोमॅटो यांना ते सूत्र अजून लागू झालेलं नाही.

लेप म्हटलं की काहीतरी परदेशी, रासायनिक डोळ्यांसमोर येतं. आपल्या घरात मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. उन्हाळ्यात वर्षाची तूरडाळ भरताना आजी परातीत डाळ घेऊन त्यावर एरंडेलाचे थेंब सोडायची आणि दोन्ही तळव्यांनी दाण्यादाण्याला चोळायची. हात चकाकत, डाळ चकाकत नसे. तेल इतकं थोडं लागे. त्या चोळण्याने किडीला डाळीवर अंडी घालणं अवघड होई आणि वापरताना डाळ धुतली की तेल निघून जाई. लोणच्यावर तेलाचा थर राहावा म्हणून आपण तेल वर येईपर्यंत ओततो, ते हवा आणि बुरशी अडवायलाच. कणगी शेणामातीने लिंपायची पद्धत याच समजुतीतून आली. टिकवायच्या वस्तूला पातळ आवरण द्यावं, ही बुद्धी आपल्या बायकांकडे होती. तिला मोजमाप आणि कारणमीमांसा जोडली की खाद्यलेपाचं शास्त्र होतं.

ते शास्त्र समजायला अवघड नाही. झाडावरून तोडलेलं फळ जिवंतच असतं. ते प्राणवायू घेतं, स्वतःतली साखर जाळतं, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतं. पेरू, सीताफळ, टोमॅटो ही तर तोडल्यावरही पिकत राहणारी फळं. पिकताना ती इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तो वायू शेजारच्या फळांनाही पिकायची घाई लावतो. म्हणून तर आंब्याच्या अढीत एक पिकलं की बाकीची मागोमाग पिकतात. शिवाय सालीतून पाणी उडत राहतं. वीस किलोच्या कॅरेटमधून पाच टक्के पाणी उडालं की एक किलो वजन गेलं, म्हणजे एक किलोचे पैसे हवेत गेले, आणि उरलेल्या फळाची तकाकीही गेली.

निसर्गाने फळाला स्वतःचा मेणाचा पातळ थर दिलेला असतो. तोडणी, घासाघीस आणि धुणं यांत तो निघतो. लेप त्याची जागा घेतो. लेपासाठी तीन प्रकारचे पदार्थ वापरतात. पहिला पिठूळ-चिकट पदार्थांचा: स्टार्च, कोरफडीचा गर, कायटोसान. दुसरा प्रथिनांचा: दुधातलं केसीन किंवा पनीर-चीज केल्यावर उरणाऱ्या निवळीतलं प्रथिन. तिसरा मेणांचा: मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण, आणि पळस-बोर-कुसुमावर वाढणाऱ्या किड्यापासून मिळणारी लाख. पहिले दोन प्रकार वायूला चांगले अडवतात पण पाण्याला नीट अडवत नाहीत. तिसरा पाण्याला अडवतो. म्हणून चांगला लेप बहुधा मिश्रणाचा असतो.

जंतूंना रोखण्याचं काम यांत मिसळलेले घटक करतात. ओव्याच्या वासाला कारण असलेलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल हे बुरशीला आणि जिवाणूंना सोसत नाही, हे आपल्याला पोटदुखी-दातदुखीच्या उपायांतून माहीतच आहे. कायटोसानची गंमत आणखी निराळी. कोळंबी-खेकड्याच्या टरफलात कायटिन असतं. त्यावर प्रक्रिया करून कायटोसान मिळतं. सौम्य आम्लात विरघळवलं की त्याच्या कणांवर धन विद्युतभार येतो. जंतूंच्या बाह्य आवरणावर ऋणभार असतो. दोन्ही एकमेकांना चिकटतात, जंतूचं आवरण फाटतं आणि तो आतून रिता होतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने टरफलांपासून कायटिन-कायटोसान करण्याचं तंत्र विकसित केलेलं आहे. म्हणजे किनाऱ्यावर कचरा म्हणून कुजणारं टरफल पठारावरच्या फळाचं रक्षण करू शकतं.

लेपाने किती फरक पडू शकतो याचं एक उदाहरण पुरे. स्पेनमधल्या मिगेल हेर्नांदेस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये द्राक्षांना कोरफडीच्या गराचा लेप दिला. एक अंश सेल्सिअसला ठेवलेली बिनलेपाची द्राक्षं सुमारे सात दिवसांत उतरली. लेप दिलेली 35 दिवसांपर्यंत टिकली. ही किमया थंडी आणि लेप या जोडीची आहे. उघड्या हवेत एवढा फरक पडणार नाही. पण कोरफड आपल्या कोरडवाहू बांधावर थोड्या पाण्यावर वाढते आणि निवळी आपल्या दूधपट्ट्यात रोज तयार होते, ही गोष्ट नगरसारख्या जिल्ह्याने नोंदवून ठेवावी अशी आहे.

लेपाकडून नको ती अपेक्षा ठेवली तर पदरी निराशा येईल, म्हणून त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फळमाशीने बागेतच डंख मारून आत अंडी घातली असतील, तर वरच्या लेपाने आतली अळी मरत नाही. बुरशीची लागण पावसाळ्यातच सालीत दबा धरून बसली असेल, तर लेप तिला उशीर करील, बरं करणार नाही. म्हणून बहार कोणता धरायचा, फळावर फोमची जाळी आणि पिशवी कधी चढवायची, बागेत पडलेली किडकी फळं रोज उचलायची की नाही, हे सगळं लेपाच्या आधी येतं. फळ न धुता लेप दिला तर घाण आत कोंडली जाते. लेप जाड झाला तर फळाचा श्वासच अडतो, आत मद्यार्क तयार होतो आणि पेरूला आंबूस चव येते. ओव्याचं तेल जास्त झालं तर पेरू ओव्यासारखा लागतो. कांद्याला तर असल्या लेपाची गरजच नाही. त्याला कोरडी, खेळती हवा लागते आणि ती चाळीत मिळते. प्रत्येक फळाची, किंबहुना प्रत्येक बहाराची कृती वेगळी असणार. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, बाभळेश्वरला पेरूच्याच तालुक्यात कृषी विज्ञान केंद्र आहे. या कृती बसवण्याचं काम इथे झालं पाहिजे, आणि त्या कुणा कंपनीच्या पेटीत बंद न राहता मराठीत छापून गावोगाव वाटल्या गेल्या पाहिजेत.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते हलके नाहीत.

शहरातली गृहिणी म्हणेल, शिळं फळ ताजं दाखवण्याची ही नवी युक्ती. तिचा संशय मला रास्त वाटतो. कार्बाइडने पिकवलेले आंबे आणि केळी तिने वर्षानुवर्षं सोसली आहेत. ताजं दिसणं आणि ताजं असणं यांत लेप अंतर पाडू शकतो, हे खरंच आहे. त्यावर उत्तर एकच: सगळं उघड करा. आपल्या 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत ताज्या फळांना मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण किंवा लाखेचं मेण लावायला परवानगी आहे, पण तसं लेबलवर जाहीर करण्याच्या अटीवर. नियमांत नाव नसलेला नवा घटक आणायचा तर त्याला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते, त्यासाठी 2017 चे स्वतंत्र नियम आहेत. माझी मागणी याच्या एक पाऊल पुढची आहे. लेप दिलेल्या प्रत्येक कॅरेटवर दोन गोष्टी ठळक मराठीत असाव्यात: तोडणीची तारीख आणि लेपातले पदार्थ. तारीख दिसली की फसवणुकीची जागाच उरत नाही. कायटोसान कोळंबीच्या टरफलाचं असेल तर शाकाहारी माणसाला ते कळलं पाहिजे. बुरशीपासून काढलेलंही कायटोसान असतं, तेही त्याला निवडता आलं पाहिजे. दुधाच्या प्रथिनाचा लेप असेल तर दुधाची ॲलर्जी असलेल्याला ते कळलं पाहिजे. लोकांना अंधारात ठेवलं की काय होतं याचं उदाहरण ताजं आहे. फळांवर वनस्पतिजन्य लेप देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीचं नाव 2023 मध्ये त्याच नावाच्या, पण भलत्याच एका सफाई-द्रव्याशी जोडून समाजमाध्यमांवर भीती पसरवली गेली. ती भीती खोटी होती. पण पानातलं अन्न काय लावून आलं हे ज्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं, तो अशा भीतीवर पटकन विश्वास ठेवतो.

दुसरा आक्षेप शीतगृहवाल्यांचा. थंडी असताना लेप कशाला? थंडी हवीच, जमेल तिथे नक्की हवी. पण तिला अखंड वीज लागते, मोठं भांडवल लागतं, आणि पेरूला फार थंडी मानवतही नाही. त्याची साल तपकिरी पडते. बेताची थंडी आणि वर लेप, ही जोडी छोट्या गावाला परवडण्यासारखी आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. सगळ्यांच्याच फळांना चार दिवस जास्त मिळाले, तर बाजारातला फुगवटाही चार दिवस लांबेल. शेतकऱ्याला काय मिळालं? हे अर्धं खरं आहे. महापुरासारखा टोमॅटो आला की लेप भाव वाचवू शकणार नाही. तिथे प्रक्रिया उद्योग, निर्यातीचं स्थिर धोरण आणि लागवडीची वेळेवर माहितीच कामी येईल. पण चार दिवस मिळाले की फळ नुसतं थांबत नाही, लांबही जातं. आज जो पेरू जवळच्या दोन-तीन बाजारांतच विकावा लागतो, तो उद्या दूरच्या, पेरू न पिकणाऱ्या गावापर्यंत धडधाकट पोचतो. एका दारावरची गर्दी दहा दारांत वाटली जाते. आणि आज वाशीच्या बाजारात भाव पडला असा निरोप आला, तर गाडी उद्या भरू, एवढं म्हणण्याची सोय शेतकऱ्याला मिळते. उद्या म्हणता येणं, ही बाजारात फार मोठी गोष्ट असते.

म्हणूनच लेप कुठे लागतो, हा माझ्या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. शहराजवळच्या व्यापाऱ्याच्या पॅकहाउसमध्ये लागला, तर शेतकऱ्याकडून फळ पूर्वीच्याच घाईच्या भावाने उचललं जाईल आणि त्याच्यावर मिळालेले दिवस खरेदीदार वापरेल. तो आता आणखी निवांत थांबेल. शेतकरी होता तिथेच. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. इथे आठही दिवस एकाच्याच घरी जातील. नासाडीचा आकडा कमी झाला म्हणून सरकार समाधान मानेल, पण पुणतांब्याचा प्रश्न तसाच राहील. तोच लेप गावात, बागेपासून हाकेच्या अंतरावर लागला, तर दिवस शेतकऱ्याचे होतात.

गावात लेप लावायला फार मोठा डोलारा लागत नाही. स्वच्छ पाण्याची सोय असलेली शेड, धुण्याची एक टाकी, बुडवण्याची दुसरी, निथळायला जाळीचं टेबल, वाळवायला पंखे आणि वजनकाटा. दहा-वीस बागायतदारांचा गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी हे सहज उभं करू शकते. तोडणी भल्या पहाटे करायची, म्हणजे फळात उन्हाची उष्णता साठत नाही. सावलीत आणायचं, निवडायचं, धुवायचं, लेपायचं. निवडीचं काम बायकाच उत्तम करतात, आणि त्याला रोजंदारीतलं हलकं काम न समजता कसबाचा दाम दिला पाहिजे. ज्या अंगठ्याला फळाचं वय कळतं, त्याची किंमत यंत्राहून कमी का धरावी?

विश्वास बसत नसेल त्याने एक छोटा प्रयोग घरीच करावा. एकाच झाडाची, एकाच दिवशी तोडलेली चाळीस फळं घ्यावीत. कृषी विज्ञान केंद्राने दिलेल्या कृतीप्रमाणे वीस लेपावीत, वीस तशीच ठेवावीत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज दोन्हींचं वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावं. चौथ्या दिवशी दोन्ही कापून शेजाऱ्याला चाखायला द्यावीत, कुठलं कुठलं हे न सांगता. चव बिघडली असेल तर लेप बदला. वजन राहिलं आणि चवही राहिली, तर त्या कॅलेंडरवरचे आकडे कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरे असतील, आणि ते शेतकऱ्याचे स्वतःचे असतील.

लोणीच्या माणसांनी उसाच्या बाबतीत जे केलं, ते पेरूच्या बाबतीत करायला आज त्याहून कितीतरी कमी भांडवल लागेल. लागेल ती आधीचीच समजूत: माल टिकवण्याचं साधन ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. राहात्याच्या रस्त्यावर संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ती बाई पुन्हा एकदा अंगठ्याने फळं चाचपते. सगळी उद्यापर्यंत कडक राहणार याची तिला खात्री असेल, त्या दिवशी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती शांतपणे सांगू शकेल, "दादा, एवढ्यात परवडत नाही, राहू द्या." आणि पाटीवर ओलं फडकं टाकून घरी जाईल.